चतुराच्या गळ्यातली वीणा

खुर्चीवाल्या साहेबा, पहिला अपराधी तू!

होय, तुलाच म्हणतो. ठाण्यात पंख्याखाली बसतोस, समोर मोडलेली, भिजल्या डोळ्यांची बाई येऊन उभी राहते, आणि तुझा हात कागदाकडे जात नाही, दाराकडे जातो. "घरी जा बाई, बदनामी तुझीच होईल." हे वाक्य तुला शिकवलं कुणी? कायद्याचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळलं, कुठं सापडलं नाही!

आणि मंडळी, तुम्ही माना डोलावू नका. साहेबाला शिव्या पडल्या की आपल्याला फार गोड वाटतं. तुमचाही नंबर येणार आहे. बोला विठ्ठल, विठ्ठल!

आता ऐका. एक प्रश्न टाकतो. गावच्या विहिरीत कुणी विष कालवलं. तो पापी, यात वाद नाही. पण दुसरा एक जण त्याच विहिरीचं पाणी भरतो, घरोघर नेऊन वाटतो, आणि लोक तडफडायला लागले की म्हणतो, "मी कुठं विष टाकलं? मी नुसती घागर उचलली." हा कोण? पुण्यवान? बिचारा? का भोळा भाविक?

लगेच उत्तर देऊ नका. आधी निळखेडला चला माझ्याबरोबर.

निळखेड म्हणजे शे-दीडशे उंबऱ्यांचं गाव. मारुतीचं देऊळ, समोर चिंच, आणि चिंचेच्या पलीकडं चतुराबाईची पिठाची गिरणी. नवरा उत्तरेश्वर साखर कारखान्यावर, पंधरवड्यातून घरी येणारा. घरात सासू, गोदाबाई. गिरणी चालवायची चतुरा एकटी. पट्टा चढवायची ती, जात्याला टाकी लावून धार काढायची ती. आणि गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवून बोलून बोलून तिचा गळा असा तयार झालेला, की तिनं गिरणीत हाक मारली तर पांदीतला बैल थांबायचा. हा आवाज लक्षात ठेवा. पुढं कामाला येणार आहे.

निळखेडला दरवर्षी सप्ताह. आणि सप्ताहात वीणा. तुम्हाला सांगायला नको, पण पोरं मोबाईलमध्ये आहेत म्हणून सांगतो: सप्ताहाची वीणा एकदा उभी राहिली की काल्यापर्यंत भुईला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणारा देणाऱ्याच्या. म्हणजे काय? कुणाकडून घेतलं ते ठाऊक, कुणाला दिलं ते ठाऊक! हातोहात चालणाऱ्या गोष्टीचा हा आपल्या बापजाद्यांचा कायदा आहे. साधा आहे, पण अजून कुणाला मोडता आलेला नाही.

दुपारचा पहारा बायकांचा. चतुराचा पहारा संपला की शेवंताबाईचा.

तर सप्ताहाचा चौथा दिवस. चतुरा अंगावरचं पीठ झटकून, अंघोळ करून आली. आधीच्या बाईनं वीणा दिली. देताना पाया पडली नाही. पदर तोंडाला लावून पळाली. चतुराला वाटलं, घाई असेल बिचारीला. वैजनाथबाबा, गावचे थोरले विणेकरी, डोळ्यांनी अधू झालेले, त्यांनी चाचपून तिच्या कपाळाला बुक्का लावला. चतुरा उभी राहिली. तार छेडत, नाम घेत.

पहारा संपला. शेवंता येईना.

चतुरानं मान वळवून बघितलं. शेवंता चिंचेखाली उभी. चार बाया सोबत. येईना! चतुरानं डोळ्यांनी खुणावलं. शेवंतानं नजर जमिनीत घातली. टाळकऱ्यांचे टाळ विस्कटले. पुरुषांच्या माना खाली. भक्तीनं नव्हे हो! मांडीवरच्या फोनात.

आता वीणा ठेवायची कुठं? भुईला टेकवायची नाही. घ्यायला कुणी नाही. बाई उभी. खांदा दुखला, पिंढऱ्या भरल्या, चिंचेची सावली मंडपात आली, तरी उभी. गावानं तिच्या गळ्यात वीणा अडकवून तिला खांबाला बांधल्यासारखं करून टाकलं.

शेवटी गोदाबाई आली, काठी टेकत. सुनेच्या कानाशी लागली आणि काय झालंय ते सांगितलं.

सकाळपासून गावाच्या ग्रुपवर एक चित्र फिरत होतं. धड कुण्या परक्या बाईचं, उघडं. वर तोंड जोडलेलं, ते चतुराचं. खाली ओळ: "निळखेडची विणेकरीण." चतुराचा फोन गिरणीत, पिठात लोळत पडलेला. जिचं नाव, तिलाच पत्ता नाही! बाकी अख्ख्या गावाला पत्ता.

चतुरानं तार छेडणं सोडलं नाही. वैजनाथबाबा चाचपडत उठले, दोन्ही हात पुढं केले आणि म्हणाले, "दे पोरी. मला दिसत नाही, हे देवाचे उपकारच म्हणायचे आज."

तिनं वीणा दिली, बाबांच्या पाया पडली, आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी गिरणीवर दळण आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. लोक डोक्यावर डबा घेऊन पलीकडच्या गावाला जायला लागले. मंडळी, ज्या बाईच्या हातचं पीठ वर्षानुवर्षं खाल्लं, तिच्या हातचं एका रात्रीत विटाळलं! आणि चित्र? ते नाही विटाळलं. ते जपून ठेवलं. मेहुण्याला पाठवलं, व्याह्याला पाठवलं.

कारखान्यावर उत्तरेश्वरलाही पाठवलं. पाठवणारानं वर हसरं तोंड लावलं होतं. उत्तरेश्वर उसाच्या ट्रकवर बसून घरी आला. चतुरा दारात उभी. आता हा काय बोलतो? तो घरात गेला, ज्वारीचं पोतं खांद्यावर घेतलं, सगळ्या गावासमोरून गिरणीवर नेलं आणि म्हणाला, "पट्टा चढव. दळण आलंय."

अहो, याला नवरा म्हणतात! बाकीच्यांनी घरी गेल्यावर आपापला तपासून घ्या.

मग सासू, सून आणि नवरा ठाण्यात गेले. आणि तिथं आपले खुर्चीवाले साहेब. साहेबांनी चित्र बघितलं, जरा जास्तच वेळ बघितलं. मग विचारलं, हे केलं कुणी ते माहीत आहे का? नाही. मग कुणाचं नाव लिहू? हजार फोनांत फिरलंय, हजारांना धरू? सायबरचं काम जिल्ह्याला, इथं नाही. आणि मग ते वाक्य. घरी जा बाई, बदनामी तुझीच होईल. वर विचारतो कसा, तुमचा फोटो दुसऱ्याकडं गेलाच कसा?

गोदाबाईनं काठी टेकली. "साहेब, आमची शेळी चोरीला गेली होती तवा तुम्ही शेळीला नव्हतं विचारलं, का गं, चोराच्या हाती लागलीसच कशी?"

साहेब लाल झाले. तिघांना बाहेर काढलं.

वाटेत चतुराच्या डोक्यात साहेबाचं एकच वाक्य घरघरत होतं: हजार फोनांत फिरलंय. फिरलंय म्हणजे काय? पाखरासारखं आपोआप फिरतं का ते? एकानं दिलं, दुसऱ्यानं घेतलं. मग वीणा तरी दुसरं काय करते?

आणि बाई वाटेतच थांबली. नवऱ्याचा फोन मागितला. ते चित्र जन्मात पहिल्यांदा धड बघितलं. लाज गिळून बघितलं! आणि तिला कपाळ दिसलं.

काल्याचा दिवस. मंडप भरलेला. समोर सप्ताह कमिटीचे अध्यक्ष तात्या बिराजदार. सकाळीच त्यांनी माइकवरून मातृभक्तीवर बोलून बायांना रडवलं होतं. कडेला स्पीकरच्या मशिनीशी पद्माकर, मोबाईल दुकानवाला. सप्ताहाचे फोटो काढणं, स्पीकर लावणं, सगळं त्याच्याकडं. दुपार झाली. चतुरा सरळ मंडपात आली, वैजनाथबाबांच्या पुढ्यात उभी राहिली आणि म्हणाली, माझा पहारा आहे. बाबांनी वीणा तिच्या गळ्यात घातली. कुणाची हिंमत झाली नाही अडवायची.

मग तिनं माइक जवळ ओढला.

"माझ्या गळ्यात वीणा आहे. मी बाबांच्या हातून घेतली. बाबांनी कुणाच्या हातून घेतली तेबी सगळ्यांना ठाऊक आहे. आता तुमच्या हातातलं सांगा. त्या चित्रात माझ्या कपाळावर बुक्का आहे. बघितला का कुणी? गेल्या वर्षी याच मंडपात बाबांनी लावला तो. माझं तोंड तुम्ही याच मंडपातून चोरलंय. तुमच्यापर्यंत कुणाच्या हातून आलं, ते नाव घ्या."

एवढ्यात माइक बंद! पद्माकरनं खटका दाबला. म्हणाला, वायर ढिली झाली.

चतुरानं माइक बाजूला सारला. गिरणीचा आवाज, मंडळी! जात्यावर चढणारा आवाज! "वीणा मी खाली ठेवत नाही. नाव आल्याशिवाय देतही नाही. आता उभं राहायची पाळी तुमची."

काला तसाच. दहीहंडी तशीच लोंबकळलेली. पोरं हंडीकडं बघतायत, म्हातारे भुईकडं. सगळ्यांना उठायचं होतं, पण वीणा उतरल्याशिवाय काला फुटत नाही, आणि काल्याशिवाय मंडप सोडायचा कसा? बघा, गावानं तिला ज्या नियमानं बांधलं होतं, त्याच नियमानं तिनं गाव बांधलं!

आणि शेवंता उठली. डोळ्यांतून पाणी. म्हणाली, "मला माझ्या जावेनं पाठवलं. आन् मी माहेरी पाठवलं. चुकले गं."

जाऊ उठली, तिनं नवऱ्याचं नाव घेतलं. नवरा भगवान उठला, घाम पुसला, आणि म्हणाला, मला तात्यांकडून आलं. तात्या म्हणाले, मी डिलीट केलंय सगळं, माझ्याकडं काही नाही. भगवाननं आपला फोन वर धरला. तात्यांचं नाव, तात्यांचा हसरा फोटो, आणि खाली ते चित्र.

तात्या, तुम्ही तुमच्या भिंतीवरचं पुसलं हो! गावाच्या भिंतीवर लिहून ठेवलंय त्याचं काय?

मग तात्यांनी मान न उचलता बोट केलं. स्पीकरच्या मशिनीकडं.

पद्माकर. त्याच्या पुढं नावच नव्हतं. हात तिथंच संपले. का केलं? तर पाणवठ्यावर पोरींचे व्हिडिओ काढताना चतुरानं त्याला धरला होता, दळणाच्या रांगेसमोर सुनावलं होतं. तो राग. तो पळायला लागला, तर उत्तरेश्वर मंडपाच्या तोंडाशी पोतं ठेवल्यासारखा उभा. हात लावला नाही, शिवी दिली नाही. नुसता उभा.

कुणीतरी ओरडलं, तोडा याला! चतुरा म्हणाली, "बोट लावायचं नाही. मला न्याय पाहिजे. चला, सगळे ठाण्यात. ज्यानं ज्यानं पाठवलं, त्यानं आपला फोन हातात घ्यायचा."

आणि मंडळी, अशी दिंडी कुणी बघितली नसेल! पुढं चतुरा, मागं गोदाबाई, मागं अख्खा मंडप. वीणा तिनं बाबांच्या गळ्यात दिली, ते मागं देवळापाशी उभे, सप्ताह खंडित नाही. ठाण्यात साहेब चहा पीत होते. चतुरा म्हणाली, परवा तुम्ही नाव विचारलंत. घ्या. शेवंता पुढं झाली: माझं लिहा, मी पाठवलं. जाऊ म्हणाली, माझं लिहा. भगवान म्हणाला, माझं लिहा. साहेबांनी बशी खाली ठेवली. तरी म्हणतात, हे जिल्ह्याचं काम. तेव्हा उत्तरेश्वर शांतपणे बोलला, गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, आणि तुम्ही नोंदवला नाही तर लेखी तक्रार पोस्टानं एसपी साहेबांकडं जाते, हे मी वकिलाला विचारून आलोय. पोस्ट समोरच आहे.

गुन्हा नोंदला गेला! फोन जप्त झाले. प्रयोगशाळेनं तात्यांनी पुसलेलं सगळं वर काढलं. पद्माकरनं कोर्टात सांगितलं, गंमत केली. न्यायाधीश म्हणाल्या, गमतीचं कलम नाही, घाण तयार करणं आणि पसरवणं याचं आहे. पद्माकर तुरुंगात गेला. आणि तात्या? ते म्हणाले, मी नुसतं पुढं पाठवलं. तर कळलं, कायद्यात "नुसतं" हा शब्दच नाही! जो बनवतो तो आणि जो पुढं धाडतो तो, दोघं एकाच कलमात बसतात. पहिल्या खेपेला तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड. तात्यांनी दंड भरला, शिक्षा भोगली, अध्यक्षपद गेलं. शेवंतालाही कोर्टाचे खेटे चुकले नाहीत. पण ती साक्षीला उभी राहिली, आणि तिनं साक्ष फिरवली नाही.

आणि पुढच्या सप्ताहात? दुपारी चतुराच्या गळ्यात वीणा. पहारा संपला. तिनं मान वळवली. चिंचेखाली कुणीच नव्हतं! सगळ्या बाया मंडपात, रांगेत, वीणा घ्यायला. पुढं शेवंता. ती आधी पाया पडली, मग चतुरा पडली. वीणा गळ्यातून गळ्यात गेली, आणि बाई गिरणीवर निघून गेली. दळणाला रांग लागली होती ना!

बोला विठ्ठल, विठ्ठल!

झालं, आता उठू नका. आता विहिरीचं उत्तर द्या. घागर उचलणारा कोण?

गप्प का? मघाशी साहेबाला शिव्या देताना तर फार आवाज होता! खिशात हात घाला. काढा बाहेर. कुणा लेकीचं, कुणा सुनेचं चित्र, कुणाची बदनामी, कुणाच्या जातीवरची घाण, कुठल्याशा गावातल्या दंग्याची थाप, आहे ना त्यात? कुणाच्या हातून घेतलंत? पाया पडून घेतलंत का त्याच्या? आणि पुढं कुणाच्या गळ्यात घातलंत?

आणि तू, खुर्चीवाल्या साहेबा. गाव फोन घेऊन येईपर्यंत तू कुणाची वाट बघत होतास? चतुराला गाव मिळालं. जिला मिळालं नाही, जी तुझ्या दारातून एकटी परत गेली, ती कुठं आहे आज?

बोल. मंडप उभा आहे. वीणा खाली ठेवलेली नाही. उत्तर दे!