हिमोग्लोबिनचं लग्न

शुभांगी : थांबवा. इथंच थांबवा, हुजैफा. ह्या पाकळ्या कशाला पडतायत?

हुजैफा : एंट्री आहे ना मॅडम. मेन हिमोग्लोबिन आत येतोय.

शुभांगी : हिमोग्लोबिन म्हणजे काय नवरदेव आहे? रक्तातून ऑक्सिजन वाहून नेणारा रेणू आहे तो. आणि तुम्ही त्याच्यावर गुलाब उधळताय, मागे सनई लावताय, कॅमेरा त्याच्याभोवती गरगर फिरवताय.

हुजैफा : मी लग्नाच्या फिल्मा बनवतो, हे तुम्हाला ठाऊक होतं. पब्लिकची नजर खिळवायची, तेच आमचं काम.

शुभांगी : खिळवायची, पण कुठं? शनिवारी सुरगाण्याला सिकल सेल आजाराचं शिबिर आहे. तिथल्या लोकांना एवढ्या सगळ्यातून एकच गोष्ट दिसायला हवी. या रेणूतला एक मणी बदललाय, त्यामुळं तो शेजारच्याला चिकटतो. कुठंय तो मणी? दाखवा.

हुजैफा : हा काय. खाली, डाव्या कोपऱ्यात.

शुभांगी : पाकळीखाली.

हुजैफा : पाकळी सरकवतो ना.

शुभांगी : पाकळी सरकवून काय होणार? पाणी नाचतंय, पेशी नाचतेय, वर नाव लिहिलंय तेसुद्धा नाचतंय. अख्खं वऱ्हाड नाचायला लागल्यावर नवरी कोणाला दिसणार आहे?

हुजैफा : राग नका मानू, पण तुमची मागच्या वर्षीची फिल्म पाहिलीय मी. तिच्यात काहीच हलत नव्हतं. नुसते बाण. एवढे बाण, की साळिंदराची फिल्म आहे असं वाटलं मला. झोपले असतील लोक.

शुभांगी : झोपले नाहीत. चहा पिऊन घरी गेले. तपासणीला रक्त द्यायला थांबले ते फक्त शाळेतले मास्तर आणि त्यांची बायको. म्हणून तर तुमच्या दारात आले. मला काही हौस नाही.

हुजैफा : या, या मावशी, बसा. मॅडम, या मंगलाबाई. सुरगाण्याच्याच आहेत, लेकीच्या लग्नाचं शूटिंग ठरवायला आल्यात.

शुभांगी : सुरगाण्याच्या? मग यांनाच विचारू. मावशी, एवढं पाहा आणि काय दिसलं ते सांगा. लावा हो पुढं.

मंगलाबाई : लय भारी हाय, बाई. दोघं लांब लांब व्हते, मंग जवळ आले. चकाकलं, सनई वाजली. जोडी जमली.

हुजैफा : पाहिलंत? आवडलं त्यांना.

शुभांगी : आवडणारच. रोग जिथं सुरू होतो, नेमकं तिथं तुम्ही लग्न लावून दिलंय.

हुजैफा : या अल्ला. दोघं जवळ आले की हातच तिकडं जातो मॅडम. स्लो मोशन, चकाकी, सनई. इतकी वर्षं तेच करतोय.

शुभांगी : आज नका करू. पाकळ्या काढा, सनई काढा. सगळं राखाडी करा आणि थांबवून टाका. फक्त तो मणी लाल, आणि फक्त तोच हलेल.

हुजैफा : लोक म्हणतील, हुजैफाचा कॉम्प्युटर हँग झाला.

शुभांगी : म्हणू देत.

हुजैफा : मग माझंही एक ऐका. मणी हलायच्या आधी थोडा वेळ काहीच होऊ द्यायचं नाही. तुमचा आवाजसुद्धा बंद. अंतरपाट सरायच्या आधी कसे सगळे हातात अक्षता धरून त्या कापडाकडं बघत असतात, तसं.

शुभांगी : एवढी अक्कल होती, तर सकाळपासून गुलाब का उधळत होता?

हुजैफा : पहिल्या दिवशी तुम्हीच म्हणालात, भव्य करा.

शुभांगी : मी भव्य म्हणाले होते, मंगल कार्यालय नव्हतं म्हटलं. करा आता.

(थोड्या वेळानं पडद्यावर नवी फिल्म सुरू होते.)

मंगलाबाई : बिघडलं का भाऊ? काय हलत नाय.

हुजैफा : बघत राहा मावशी.

मंगलाबाई : तो लाल मणी हलला. शेजारच्याच्या खाचेत गेला. अडकला जनू. आता त्याला तिसरा अडकला. सोडंना की. रांगच लागली. आनि ती गोल व्हती ती वाकडी झाली, इळ्यावानी.

शुभांगी : ती रक्ताची पेशी. अशी वाकडी झाली की बारीक नळीत अडकते. मग हातपाय ठणकतात, सांधे धरतात.

मंगलाबाई : माज्या भावाचा पोऱ्या असाच कन्हतो. थंडीत तर लयच. आनि व्हनाऱ्या जावयाची बहीनबी.

शुभांगी : म्हणजे दोन्ही घरांत आहे. मावशी, तुमची लेक आणि जावई धडधाकट असले, तरी दोघांच्या रक्तात तो बदललेला मणी असू शकतो. त्यांना त्रास होणार नाही. पण बाळाला दोन्हीकडून मिळाला, तर त्याला होईल.

मंगलाबाई : ते कळतं कसं?

शुभांगी : रक्त तपासून. शनिवारी, तुमच्याकडच्याच शाळेत.

हुजैफा : होईल मावशी ते. तुम्ही लग्नाची तारीख सांगा, मी ती धरून ठेवतो.

मंगलाबाई : शनवारी दोघांना घेऊन जाते, भाऊ. तारीख मंग सांगते.