समोरच्या गाडीला हात

नाही, फोटो नाहीत. एकही नाही. आणि ‘काय हिल्का, कशी झाली सहल?’ असं हसत हसत विचारणार असाल ना, तर आधी मला केस पुसू द्या, कॉफीचा एक घोट घेऊ द्या, कारण आज पोहण्याच्या तलावात मी निम्मा वेळ पाण्याखाली कशासाठी होते? तुम्ही विचाराल म्हणून! सहल म्हणे... तुम्हाला सांगते, अख्खा युरोप मी समोरच्या काचेतून बघितला आणि त्यातलं काही म्हणून मला आठवत नाही. चर्च आठवत नाही, किल्ला आठवत नाही. डोंगर होते म्हणतात. मला आठवतात फक्त सिग्नल, ट्रॅक्टर आणि वळणं. बरं, गाडी मी चालवत होते का? निघालो तेव्हा तरी नव्हते. तेच तर दुखणं होतं.

आता डौवेला तुम्ही ओळखताच. जन्मभर दुधाचा टँकर चालवला, कधी कुणाच्या कुंपणाला घासला नाही, आणि हे तो दर वाढदिवसाला सांगतो, आपल्या नाही, दुसऱ्याच्या. आणि ती त्याची जुनी कॅम्पर, चाकांवरचं घरच ते, तिचं नावच ‘ओमा’, म्हणजे आजीच ती, चढावर खोकते, उतारावर कण्हते, आणि तिचं मागचं दार उघडायचं तर आधी लाडीगोडी आणि मग लाथ. दर उन्हाळ्यात डौवे आणि त्याची बायको फेन्ना त्या ओमातून समुद्राला जायचे, तिकडे खाली क्रोएशियात, पाइनच्या झाडांखाली तळ ठोकायचे. फेन्ना गेली, आणि ओमा ताडपत्रीखाली गेली. ती यंदा वसंतात एकदम बाहेर. हा माझ्या दारात उभा. म्हणाला, ‘हिल्के, समुद्र बघून येऊ. एकदा.’ आता ‘एकदा’ म्हणाला, तर माणसाने विचारावं की नाही, की बाबा, एकदाच का? नाही विचारलं. मला वाटलं, फेन्नाच्या आठवणीने म्हणतोय.

तर निघालो चौघं. तो, मी, मागे रुलोफ आणि त्याची यान्तिना, आणि त्या दोघांच्या मध्ये बटाट्यांचं पोतं, कारण रुलोफची ठाम समजूत आहे की आल्प्सच्या पलीकडे माणसांना बटाटा म्हणजे काय ते कळत नाही. महामार्गावर ओमाला धाप लागते, म्हणून आतल्या रस्त्यांनी चाललेलो. आणि आतल्या रस्त्यांवर काय असतं? समोरून येणाऱ्या गाड्या. जुन्या कॅम्परवाल्याने समोरच्या जुन्या कॅम्परला हात करायचा, ही रीत तुम्हाला सांगायला नको, पण डौवेसाठी ती नुसती रीत नाही, तो त्याचा धर्म आहे. फेन्नाचं आणि त्याचं लग्नाआधीचं पहिलं भांडण यावरूनच झालेलं, तिने एकाला हात केला नाही म्हणून.

जर्मनीत शिरल्या शिरल्या समोरून एक पांढरी गाडी आली, डौवेने हात केला. पावाची गाडी होती. मी हसले. म्हटलं, मूडमध्ये आहे. मग आईस्क्रीमच्या गाडीला हात केला, मग टपालाच्या गाडीला, आणि मग रुग्णवाहिकेला. अहो, दिवा फिरत होता तिचा! मागून रुलोफ म्हणाला, ‘डौवे, आजकाल तू भलताच माणसाळलायस.’ आणि सगळे हसले. मीही. तिथे माझ्या डोक्यात काही शिरलं नाही, आधीच सांगून ठेवते.

मग तो तळावरचा प्रकार. हा सकाळी आंघोळ करून आला, टॉवेल खांद्यावर, आणि सरळ शेजारच्या गाडीत चढला. ओमासारखी पांढरीच होती तीही. आत एक जर्मन बाई अंडी उकडत होत्या. हा बसला टेबलाशी, कप पुढे सरकवला आणि म्हणाला, ‘यान्तिने, आज जरा कडक कर, काल नुसतं गरम पाणी दिलंस.’ त्या बाई म्हणाल्या, ‘माफ करा, पण आपण कोण?’ हा म्हणतो, ‘पुरे झाली थट्टा, ओत.’ आणि ओतली हो त्या माउलीने! कॉफी पिऊन, अंडं खाऊन परत आला तेव्हा यान्तिना हसून हसून पोट धरून बसलेली. डौवेही हसला. पण जरा उशिरा हसला. आधी त्याने आमच्या तोंडांकडे बघितलं, म्हणजे तोंडांकडे नाही, तोंडांच्या जरासं बाजूला.

आणि त्याच दिवशी दुपारी त्याने शववाहिकेला हात केला.

काळी गाडी, फुलांनी झाकलेली, मागे रडवेल्या माणसांच्या गाड्यांची रांग, आणि आमचा डौवे उत्साहाने हात हलवतोय. तो काळ्या कोटातला चालक बिचारा, त्याने टोपीला हात लावला, त्याला वाटलं असणार, गेलेल्याचा कुणी लांबचा भाऊ दिसतोय. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. या माणसाला दिसत नाहीये! समोरून काहीतरी मोठं येतंय एवढंच कळतंय, आणि त्यात एखादा कॅम्परवाला राहून जायला नको म्हणून हा सगळ्यांना हात करतोय. आणि पुढे आल्प्स. पुढे घाट.

पण सांगायचं कोणी?

तुम्ही म्हणाल, त्यात काय! आपण उत्तरेकडची माणसं, आपल्याकडे तोंडावर बोलायला कुणाच्या बापाला लाज वाटते? माझ्या लग्नात माझी मावशी म्हणाली होती, या झग्यात तू दीपगृहासारखी दिसतेस. ही यान्तिना! फेन्नाच्या दफनानंतर, डौवेच्या तोंडावर म्हणाली, सूप पातळ होतं. आणि त्या संध्याकाळी डौवे भांडी घासायला गेला तेव्हा मी या दोघांना धरलं, तर दोघंही अंग चोरायला लागले. मी म्हटलं, ‘रुलोफ, तू सांग. तू त्याचा शाळेपासूनचा दोस्त.’ तर म्हणतो, ‘मी मागे बसतो, मला रस्ता दिसत नाही. तू पुढे बसतेस, तू सांग.’ यान्तिनेला म्हटलं. ती म्हणते, ‘मी सांगितलं असतं गं, पण माझं बोलणं लोकांना लागतं.’ आता लागतं? सुपाच्या वेळी नाही लागलं?

बरं, सांगून पुढे काय, हाही प्रश्न होताच. गाडी कोण चालवणार? रुलोफचं खुब्याचं हाड नवं बसवलेलं, यान्तिनेला गियरची गाडी येत नाही, आणि मला येते, पण ओमाच्या स्टिअरिंगला त्याच्याशिवाय आणि फेन्नाशिवाय दुसऱ्या कुणी हात लावलेला नाही, आणि किल्ली डौवेच्या गळ्यात, दोरीला. आणि खरं सांगू? गाडी कोण चालवणार हे नुसतं निमित्त होतं. त्या माणसाची बायको गेली, घर गेलं, आता राहतो त्या दोन खोल्यांत त्याच्या मालकीची एक खुर्ची आहे. राहिली होती ती ओमा. तीही तुझी नाही आता, हे त्याला... सांगायचं कोणी?

मग आम्ही काय केलं? शहाण्यासारखं काही केलं असेल असं वाटतं तुम्हाला? मी निसर्गाचं कौतुक करायला लागले. ‘अय्या डौवे, समोर बघ किती सुंदर लाल सिग्नल!’ ‘डावीकडून काय गोड ट्रॅक्टर येतोय!’ ‘इथली गोल वळणं किती छान बांधतात नाही, हे बघ, आलंच!’ मागून यान्तिना, ‘आणि ती म्हातारी, रस्ता ओलांडते ती, काय देखणी आहे!’ रुलोफला काही सुचायचं नाही, तो नुसता म्हणायचा, ‘खांब. छान खांब.’ असा आम्ही अर्धा ऑस्ट्रिया पार केला. माझा घसा बसला. एकदा डौवे म्हणाला, ‘हिल्के, तुला आजकाल सगळंच फार आवडायला लागलंय.’ मी म्हटलं, ‘वय झालं की होतं तसं.’ तो ‘हं’ म्हणाला. बस, ‘हं’!

आणि मग तो घाट. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला काही नाही. मी जीव मुठीत धरून बसलेली, वळणामागून वळणाचं कौतुक चाललेलं. आणि मागून यान्तिनेने कॉफीचा कप पुढे केला. मी मान वळवली. तेवढीच. कप घेतला आणि समोर बघितलं, तर रस्त्याच्या कडेला नारिंगी जाकिटातला एक माणूस, हात वर करून उभा. पुढे अर्धा रस्ता खचलेला, तो सांगतोय, थांबा. आणि आमच्या डौवेने काय करावं?

त्याने हात केला. हसून! आणि गेला पुढे.

त्या माणसाचं तोंड मला आजही दिसतंय. मी ‘थांब!’ म्हणून ओरडले, अशी ओरडले की तुम्हाला पोहायला शिकवताना कधी ओरडले नसेन, कॉफी माझ्या मांडीवर, डौवेने ब्रेक दाबला, ओमा किंचाळली, पोतं फुटलं आणि सगळे बटाटे गडगडत पुढे आमच्या पायांत. वळणावरून ओंडक्यांनी भरलेला ट्रक येऊन असा नाकाला नाक लावून थांबला. त्याचा चालक वरून काहीतरी बोलत होता. मला ती भाषा येत नाही, पण सगळं कळलं.

डौवे म्हणाला, ‘तो माणूस हात करत होता.’

मी म्हटलं, ‘तो थांबा म्हणत होता, डौवे. तुला दिसत नाही.’

झालं. बोलले. एवढंसं वाक्य, आणि ते घेऊन मी निम्मा युरोप पालथा घातला. वाटलं, आता हा रडेल, नाहीतर मला खाली उतरवेल, नाहीतर स्वतः उतरून चालायला लागेल. तो म्हणाला, ‘माहितीये.’

माहितीये! मी म्हटलं, ‘कधीपासून?’ म्हणाला, ‘ईस्टरपासून. मधोमध धुकं आहे, कडेकडेचं दिसतं. डॉक्टर म्हणाले, कडेचंही जाईल.’ मी म्हटलं, ‘अरे मग गाडी कशाला चालवत बसलास, माणसा? गाडीत आणखी तीन जीव आहेत!’ आणि तुम्हाला सांगते, तेव्हा तो चिडला. इतक्या वर्षांत त्याला चिडलेला बघितला नव्हता. म्हणाला, ‘वाट बघत होतो! कुणीतरी बोलेल म्हणून. माझ्या तोंडून ते निघेना, हिल्के. म्हटलं, आपली माणसं आहेत, तोंडाळ आहेत, एक दिवसही गप्प बसणार नाहीत. मी शववाहिकेला हात केला. शववाहिकेला! आणि तुम्ही तिघं गप्प. वर सुंदर सिग्नल, देखणी म्हातारी, छान खांब. दिसत नाही म्हणून मला अक्कल नाही असं थोडंच आहे. फेन्ना असती तर पहिल्या पावाच्या गाडीलाच बोलली असती.’

मागे यान्तिना रडत होती. रुलोफ बटाटे गोळा करत होता, त्याचं हाड नवं असून. आणि मला, खरं सांगते, लाज वाटली. आपण त्याच्यावर दया करतोय असं मला वाटत होतं, आणि तो त्या सगळ्या कौतुकात एकटाच बसलेला होता.

मग ट्रकवाल्याने भोंगा वाजवला. डौवे दोरीसकट किल्ली काढून माझ्या हातात ठेवेल, असलं काही नाटकासारखं घडलं नाही. तो खाली वाकला, सीटखाली चाचपडला आणि एक उशी काढली. विणलेली, नारिंगी, एका बाजूने दबलेली. फेन्नाची. ती बुटकी होती ना, चालवताना ती घेऊन बसायची. उशी माझ्याकडे टाकली आणि म्हणाला, ‘घे. त्याशिवाय तुला रस्ता दिसायचा नाही.’ आणि उतरून, गाडीला हात लावत लावत, मागून वळसा घालून माझ्या दाराशी येऊन उभा राहिला. मी सरकले. दुसरं काय करणार?

समुद्रापर्यंत मी नेली ओमाला. घाटातून रिव्हर्समध्ये मागे काढली ती कशी, विचारू नका, डोळे मिटले की अजून खडक दिसतो. तळावर पोचलो तेव्हा डौवे सरळ पाण्याशी गेला आणि समुद्राकडे कान करून उभा राहिला. मी म्हटलं, ‘ऐकतोयस का?’ म्हणाला, ‘नाही गं, बघतोय. समोर बघितलं की धुकं. असं बाजूला तोंड केलं की निळं दिसतं. बऱ्यापैकी निळं.’ बराच वेळ उभा होता तसा. आम्ही तिघंही जाऊन उभे राहिलो. कुणी कशाचं कौतुक केलं नाही.

हां, आता तुम्हाला वाटेल, गोड शेवट झाला. थांबा! परतीचा रस्ता कुणी बघितलाय? मला वाटलेलं, आता तरी जिवाला शांतता. कसली शांतता! हा शेजारी बसून इंजिन ऐकतो. ‘हिल्के, गियर.’ ‘हिल्के, क्लचवरून पाय काढ, ती रडतेय.’ ‘हिल्के, फेन्ना इथे वेग कमी करायची.’ घरी पोचलो तरी सुटका नाही. आज पोहायला निघाले तर मला इथे सोडायला आला, म्हणजे मीच मला सोडलं, तो बरोबर आला. बघा ना खिडकीतून, बसलाय तिथे ओमात, माझी वाट बघत.

आणि हात करणं सुटलं असेल असं वाटतं तुम्हाला? ते तर आता दोघांचं काम झालंय. समोरून काही पांढरं आलं की विचारतो, ‘कॅम्पर आहे?’ पहिले काही दिवस मी खरं सांगितलं. नाही, पावाची आहे. नाही, नळवाल्याची आहे. मग त्याचा हात अर्ध्यावरून खाली यायचा. तो खाली येणारा हात... तो काही मला बघवेना. परवापासून म्हणते, ‘हो, कॅम्पर.’ आणि तो करतो हात, मनापासून. काल कचऱ्याच्या गाडीवाल्याने उलट हात केला त्याला, दिवसभर खुशीत होता. मीही खोटं बोलते, त्यालाही ते ठाऊक असणार, पण आता सांगायचं कोणी?

पण एक गोष्ट त्याला सांगावीच लागणार आहे, आज ना उद्या, आणि मलाच. मी डावीकडे बसून चालवते, तो बसतो उजवीकडे, समोरच्या गाड्या येतात डावीकडून. तेव्हा त्यांना दिसावा म्हणून हात कुठून जातो? माझ्या नाकासमोरून. म्हणजे ज्याला दिसत नाही तो हात करतो, आणि जिला दिसतं तिच्या डोळ्यांपुढे त्याचा पंजा... चला, निघते. भोंगा वाजवतोय बघा.