छातीचा सोमवार

हसू नका, पण ऐका. बदली होऊन अहेरीले गेलो तवा बायकोपोरं आरमोरीतच राह्यले. पोट सुटलं म्हणून जिम लावली. तिथल्या सलीम मास्तरनं आठवड्याचा कागद लिहून दिला. सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी पाय, असं शनिवारपर्यंत.

मी मात्र रोज बेंचवर झोपून, दांडा सावराले सलीमले डोक्याशी उभं करून, छातीचा दांडाच उचलत होतो. चौथ्या दिवशी सलीम म्हणाला, "भाऊ, छाती तर सोमवारी झाली. आन् एवढं वजन तुम्ही आरामात उचलता. मले डोक्याशी उभं काऊन करता?"

आता त्याले काय सांगू? दांडा छातीवर आला का तो वरून म्हणे, "बिनधास्त उचला भाऊ, मी आहो ना." अख्ख्या अहेरीत मले असं म्हणणारा दुसरा कोणी नव्हता.

लाज वाटली. म्हटलं, "खांदा दुखते."

त्यानं कागद घेतला, सगळं खोडलं आन् लिहिलं, 'महिनाभर रोज एक तास चालणे.'

मी विचारलं, "संगं कोण राहीन?"

"चालाले कोणी लागत नाई, भाऊ."

पाच किलो घटलो.