रिकामी आहे, बघून घ्या

...आणि वर आमचे हे मलाच म्हणतात, "तुला कुणी सांगितलं होतं मध्ये नाक खुपसायला?" आता तुम्हीच सांगा, समोरच्या दारातला माणूस रोज सकाळी पायरीवर येऊन बसतो, मांडीवर कागदांचा गठ्ठा, कानाला पेन, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटणं चाललेलं, तर शेजारणीनं काय तोंड फिरवून आत जायचं? शोभतं ते? मी म्हटलं, "काय हो गार्डसाहेब, काय चाललंय?" बास, एवढंच. मी आपलं सहज विचारलं. आणि तुम्हाला सांगते, त्या सहज विचारण्यापायी मी बंदुकीच्या व्यवहारात साक्षीदार झाले.

हो, बंदुकीच्या. बरोबर ऐकलंत.

गार्डसाहेब म्हणजे आमच्या समोरचे. बँकेच्या दारात उभं राहून त्यांनी सगळी नोकरी काढली. ती दुनळी बंदूक बँकेची नव्हे, त्यांची स्वतःची, परवान्याची. नोकरी मुळी बंदुकीला मिळाली होती, मी आपला तिच्याबरोबर लागलो, असं तेच सांगतात. आयुष्यात एकदाही झाडली नाही, पण दर रविवारी पुसायची मात्र अशी, की आमच्याकडे कधी देव्हारासुद्धा तसा पुसला गेला नाही. त्यांची बायको गेली, मग घरात राहिले दोघंच, गार्डसाहेब आणि ती बंदूक. आणि आता लेकीला इकडे नोकरी लागली, ती येते म्हणाली राहायला, कायमची, बरोबर नात, नुकती पावलं टाकायला लागलेली. या माणसाचा आनंद काय विचारता! भिंतींना रंग काय काढला, खिडक्यांना जाळ्या काय लावल्या... आणि मग लेकीचा फोन. "बाबा, ती बंदूक घरात असेल तर आम्ही नाही येणार."

गार्डसाहेब म्हणाले, "अगं, कुलपात असते. कुलूप काही पोरीला उघडता येत नाही."

ती म्हणाली, "आज नाही येत, बाबा."

हे सगळं मला कसं माहीत, विचाराल. मधला बोळ हातभर आणि भिंती पातळ आहेत हो आमच्या. आणि जे भिंतीतून आलं नाही ते मी आपलं सहज विचारलं.

तर विकायची ठरली. आणि मला वाटलं, विकायची म्हणजे काय, मी नाही का शिलाईचं मशीन विकलं, चार जणांना सांगितलं, एक जण आला, पाय मारून बघितलं, घेऊन गेला. छे हो! ज्याला विकायची त्याच्याकडे परवाना पाहिजे, तो खरा आहे का चालू आहे का ते बघायचं, दोघांनी आपापल्या ठाण्यात आधी कळवायचं, मग वाट बघायची, मग त्यांची हरकत नाही असा कागद, मग बंदुकीवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर ताडून बघायचा, मग विक्रीचा कागद, मग साक्षीदार... माझ्या लग्नात एवढे कागद झाले नव्हते, आणि त्या व्यवहारात तर परत घेण्याची सोयही नव्हती.

पण गार्डसाहेबांना कागदांचा त्रास नव्हता. त्यांना घोर होता तो वेगळाच. सकाळी पायरीवर बसून म्हणायचे, "वहिनी, उद्या त्या माणसाच्या हातून काही झालं, तर बोट कुणाकडे?" मी म्हटलं, ज्याच्या हातून झालं त्याच्याकडे. तर म्हणाले, "आणि त्याच्या हातात दिली कुणी?" मग रात्रभर बसून त्यांनी स्वतःच एक जादा कागद लिहिला, की अमुक तारखेला अमुक वाजता हत्यार माझ्या हातून सुटले, इथून पुढे जे होईल त्याला घेणारा जबाबदार. आणि खाली साक्षीदाराला जागा सोडलेली. मी आपलं सहज विचारलं, "इथं कोण सही करणार?" तर पेन माझ्यापुढे.

घरी सांगितल्यावर आमचे हे भाजी निवडत होते, तसेच थांबले. "उद्या बंदूक कुठं वाजली तर आधी गार्डाला धरतील. मग घेणाऱ्याला. आणि ते दोघं सापडले नाहीत तर तुला. तू तर काय, घरीच असतेस."

आता झोप येईल का मला?

घेणारा मिळाला तो पेट्रोलपंपवाला. माणूस चांगला बरं का, उगाच कशाला नावं ठेवू. इस्त्रीचे कपडे, येताना नातीसाठी बाहुली घेऊन आला, ती यायच्या आधीच. परवाना चोख, ठाण्याचे कागद चोख. मी चहा दिला आणि विचारून घेतलं, बंदूक हवी कशाला, घरात कोण कोण, कुणाशी भांडण वगैरे? मी आपलं सहज... तर हसला आणि म्हणाला, "मावशी, ठाण्यातसुद्धा एवढं विचारलं नाही मला. अहो, रोजची रोकड घेऊन जावं लागतं, भीती वाटते." मला पटलं. सह्या झाल्या, माझीसुद्धा. राहिलं फक्त हातात देणं.

आणि इथं घोळ झाला.

आता बघा, या गार्ड लोकांची एक रीत असते. बंदूक स्वतःची असो की बँकेची, जरा धरायला दिली तरी अशी नुसती हातात देत नाहीत. देणारा ती मोडतो, मोडतो म्हणजे तोडत नाही हो, मधून वाकवतो, नळ्या उघड्या करतो आणि म्हणतो, "रिकामी आहे, बघून घे." मग घेणारा नळ्यांतून आरपार बघतो आणि म्हणतो, "बघितली, रिकामी आहे." तेव्हाच हात सुटतो. सख्खा भाऊ असला तरी. गार्डसाहेबांनी सगळी नोकरी असंच केलं, सकाळ-संध्याकाळ.

तर त्यांनी बंदूक वाकवली, पुढे धरली. "रिकामी आहे, बघून घ्या."

आणि पंपवाला, बिचारा, चांगल्या घरचा माणूस, दोन्ही हात पुढे करून काय म्हणाला असेल? "काका, काय हे, तुमच्यावर विश्वास आहे माझा."

मला तर बरं वाटलं ऐकून. मी म्हणणारच होते, बघा, किती संस्कार... तर गार्डसाहेबांनी बंदूक मागे घेतली. गवसणीत घातली. बंद वर ओढला.

"काय झालं?" तो म्हणाला.

"नाही द्यायची."

"अहो काका, सगळे कागद झालेत. तुम्ही लिहून घेतलंय ना, इथून पुढे जबाबदार मी. तुम्ही सुटलात."

"कागदावर सुटलो," गार्डसाहेब म्हणाले. "आज तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात. उद्या घरी भाऊ म्हणेल रिकामी आहे, तर त्याच्यावर ठेवाल."

पंपवाला चिडला हो. चिडणारच! एवढे हेलपाटे घातलेले. म्हणाला, विश्वास ठेवला म्हणून व्यवहार मोडणारा माणूस पहिल्यांदा बघतोय. मीसुद्धा मध्ये पडले, म्हटलं, गार्डसाहेब, त्याला सांगा, तो बघेल आता. तर म्हणाले, "सांगितल्यावर बघणारा, सांगणारा नसेल तेव्हा बघत नाही." पंपवाला गेला. जाताना बाहुली मात्र ठेवून गेला, म्हणजे बघा माणूस किती चांगला.

तो गेल्यावर मी म्हटलं, अहो, एवढं काय ते? लेक यायची खोळंबली, घर रंगवून ठेवलंत, आणि एका वाक्यापायी? तर ते गवसणीचा बंद सोडत बांधत बसले. मग म्हणाले, "आमच्या बँकेत एकदा एकानं विश्वास ठेवला होता."

तुम्हाला सांगते, तेव्हा मी काही विचारलं नाही. मी! कपबश्या उचलल्या आणि घरी आले. आमचे हे म्हणाले, बरं नाही का तुला?

मग ठरलं, विकायचीच नको. ठाण्यात जमा करायची, परवाना परत, विषय संपला. पैसे गेले तर गेले. लेकीला कळवलं, ती म्हणाली जमा झाल्यावर निघते. ठाण्यात मी बरोबर गेले, आता मी मुरलेली साक्षीदार ना. ठाण्यातला कारकून मान खाली घालून लिहितोय, मागे रांग, फायलींवर धूळ, पंखा आहे पण फिरतो आपल्या मर्जीनं. गार्डसाहेबांनी कागद ठेवले, बंदूक वाकवली. "रिकामी आहे, बघून घ्या."

कारकून वर न बघता म्हणाला, "तुम्ही म्हणताय ना, मग झालं. ठेवा तिथं."

मी डोळे मिटून घेतले हो. म्हटलं, आली ही परत घरी.

पण गार्डसाहेब हलले नाहीत. बंदूक पुढे धरलेली, तशीच. मागचा एक जण पाकीट हरवल्याची तक्रार द्यायला आलेला, तो म्हणाला, आजोबा, द्या की, माझ्या पाकिटानं एव्हाना गाव सोडलं असेल. कारकून वैतागला. "अहो, तुम्ही काय खोटं बोलणार आहात का?"

"खोटं नाही बोलणार," गार्डसाहेब म्हणाले. "पण चुकू शकतो. म्हातारा झालोय."

तेव्हा त्या कारकुनानं पहिल्यांदा वर बघितलं. पेन खाली ठेवलं, उठला, बंदूक खिडकीच्या उजेडाकडे धरली, एका नळीतून बघितलं, दुसरीतून बघितलं. आणि अगदी हळू, शाळेतल्यासारखं म्हणाला, "बघितली. रिकामी आहे."

हात सुटले. येताना ते दोन्ही हात त्यांना कुठं ठेवावेत तेच कळेना. मग मी माझी भाजीची पिशवी दिली धरायला.

लेक आली. नात आली. काय पोर आहे म्हणून सांगू, दिवसभर त्या जाळीच्या खिडकीशी बाहुली घेऊन बडबडत असते आणि मी इकडून उत्तरं देते. काल दुपारी गार्डसाहेबांना जरा पेन्शनच्या कामाला जायचं होतं, लेक कामावर. दार वाजलं. बघते तर गार्डसाहेब उभे, खांद्यावर पोर, गाल दबलेला, तोंड उघडं, गाढ. मी केव्हाची वाट बघत होते हो या क्षणाची. पदराला हात पुसले, पुढे केले.

ते म्हणाले, "झोपली आहे, बघून घ्या."

आणि मी मेली, चांगल्या घरची, काय म्हणाले असेन?

म्हणाले, "अहो, विश्वास आहे ना तुमच्यावर."

तसेच मागे फिरले. पोरीला घेऊनच गेले पेन्शनला.