सरावाची पेशंट

—बसा हो भाऊ, खिडकी आत्ताच बंद झाली, क्लार्क जेवायला गेलाय, अर्धा तास तरी यायचा नाही. मुलीचं नाव काढून मूळ कागद परत न्यायचेत ना? चिठ्ठीवर नाव दिसलं मला. म्हणजे तुम्ही तिचे वडील. हं... नाक अगदी तुमचं घेतलंय तिनं. — मी? मी इथली मावशी. झाडणं, पुसणं, चहा... आणि पेशंट. हसू नका, खरंच! ही पोरं समुपदेशन शिकतात ना एम.ए.ला, लोकांची दुखणी ऐकून घ्यायची विद्या — तर सरावाला कुणीतरी दुःखी माणूस नको का? खरं माणूस कच्च्या हातात द्यायचं नाही, असा नियम. मग मला बसवतात. मॅडम कागद देतात — आज तुझ्या नवऱ्याची नोकरी गेली, आज तुझा लेक बोलत नाही — की मी रडायला मोकळी. बारा वर्षं रडतेय. माझा लेक आतापर्यंत सात वेळा घर सोडून गेलाय, आणि मला मूलबाळच नाही, घ्या!

तुमच्या मुलीच्या परीक्षेलाही मीच होते. ती छोटी खोली, दोन खुर्च्या, आणि भिंतीत काच — पलीकडून मॅडम आणि बाहेरचे परीक्षक बघतात, आपल्याला मात्र आपलंच तोंड दिसतं. कागदावर लेकाचीच गोष्ट होती. बाकीची पोरं कशी, घोकलेले प्रश्न धडाधड विचारतात — ‘त्या वेळी तुम्हाला कसं वाटलं?’ हिनं काय विचारावं? ‘मावशी, तुम्ही इथं येता तेव्हा घरी कोण असतं?’ साधा प्रश्न, शेजारीण विचारते तसा. आणि माझ्या तोंडून निघून गेलं — आता कुणी नसतं.

आता कशाला सांगू तुम्हाला... पण सांगते. सासू होती माझी. नवरा आधीच गेलेला, आम्ही दोघीच. म्हातारीच्या डोक्यातलं सगळं पुसलं गेलं होतं, रस्त्यावर निघून जायची. मग मी काय करायचे — बाहेरून कडी लावून कामाला यायचे. आठ तास. संध्याकाळी दार उघडलं की अंगावरच कोसळायची, दाराला टेकून बसलेली असायची ना. आतून दाराचा रंग गेला होता, तिच्या हाताच्या उंचीवर, एवढा पट्टा. ती गेली तेव्हा आळीतल्या बायका म्हणाल्या, लेकीनं केलं नसतं एवढं सुनेनं केलं. आणि मी हो म्हणून मान हलवली, भाऊ. हलवली!

हे सगळं मी त्या खोलीत ओकले. तुमची मुलगी खुर्ची सोडून माझ्याशेजारी जमिनीवर बसली. घंटा होईपर्यंत नुसती बसली. बारा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी... जाऊ दे.

मग मॅडम आणि ते परीक्षक आत आले. ‘मावशी, हे कागदावर नव्हतं. खरं की काय?’ चौघं माझ्याकडे बघताहेत. मी म्हटलं, छे हो मॅडम, जरा रंगात आले. झालं! पोरीवर घसरले सगळे — खुर्ची का सोडलीस, प्रश्न का नाही विचारलेस, अभिनयाला भुलणारी उद्या माणसं काय ओळखणार? ती एवढंच म्हणाली, ‘मला खरं वाटलं.’ आणि माझ्याकडे बघितलं. मी... मी फरशीकडे. नापास केली. बाहेर गाठून मी म्हटलं, भांडायचंस ना गं! तर म्हणते, ‘तुम्ही नाही म्हणालात ना मावशी, मग नाही. तुमचं आहे ते.’

घरी सांगितलंन का तिनं हे? नाही? वाटलंच मला.

म्हणून म्हणते, कागद नका नेऊ. मी आज सकाळी मॅडमना सगळं सांगितलंय, हो, सगळं, त्या म्हणाल्या... काय म्हणाल्या म्हणजे? म्हणाल्या, की बघू — पुन्हा परीक्षा घेऊ, असंच काहीतरी... असे बघू नका हो. तुमची मुलगीही अशीच बघते.

नाही सांगितलं. दारापर्यंत गेले आणि चहाचे कप उचलून परत आले. तीन आठवडे तेच चाललंय. नोकरी जाईल म्हणून नाही — म्हणजे तीही भीती आहेच — पण उद्यापासून मी कप ठेवीन आणि त्यांना ती कडी दिसेल.

उठलात? खिडकी उघडली वाटतं. थांबा, भाऊ, दोन मिनिटं. नाही, तुम्ही नका येऊ बरोबर, तुम्ही असलात तर मी पुन्हा काहीतरी रचून सांगेन. इथंच बसा. बसा म्हणते ना!

...मॅडम, आत येऊ? नाही, चहा नाही आणलेला.