अंधारात पाहिलेली फवारणी

सासरा : ...आणि काही दिसलं नाही, तर हातमोजे, तो कोट, तोंडावरची ती पट्टी, सगळं गाठोडं बांधून तू परत न्यायचं. पुन्हा विषय काढायचा नाही. ठरलंय आपलं.

सून : ठरलंय, बाबा. आणि दिसलं, तर ठकी उद्यापासून तुमच्याकडे नाही. मी कामावर जाताना तिला पाळणाघरात ठेवणार. तेही ठरलंय.

सासू : गाठोडं कसलं बांधता? कोट तर बुजगावण्याच्या अंगात आहे. मोजेसुद्धा त्यालाच घातलेत. अख्ख्या घरात नीट कपडे घालून शेतात उभा राहणारा तो एकटाच!

सासरा : पाखरं तरी घाबरतात त्याला. मी घातला असता तर तू हसली असतीस.

सासू : मी तशीही हसतेच.

सून : आई, ती खिडकी लावा. फटीत पोतं कोंबा, उजेड नको आत.

सासरा : भर दुपारी सुनेनं आम्हाला कोठीत कोंडलं, असं सांगितलं तर लोक काय म्हणतील? बरं, पंपात आज नुसतं पाणीच होतं ना?

सून : पाणी आणि चिमूटभर पूड. ती बाधत नाही कुणाला. फक्त या दिव्याखाली हिरवी चमकते. फवारणी शिकवायला जाते तिथे मी हेच दाखवते. तुम्ही टोमॅटोवर रोजच्यासारखं फवारलंत ना? आलातही रोजच्यासारखे?

सासरा : अगदी. हातपाय धुतले, सदरा बदलला, पाणी प्यालो, ठकीला घेतलं. अर्धं आयुष्य फवारतोय, कधी साधं डोकं दुखलं नाही.

सासू : नाही? मग फवारणीच्या संध्याकाळी डोक्याला फडकं बांधून भिंतीकडे तोंड करून कोण पडतं? मी?

सासरा : ते उन्हानं.

सासू : हो, आभाळ भरलेलं असतं तेव्हाही उन्हानंच.

सून : दिव्याकडे बघू नका हं कुणी. आई, ठकीला कडेवर घ्या, तोंड तुमच्या खांद्यात. लावते.

(जांभळा दिवा लागतो.)

सासरा : ...आई गं.

सासू : अहो... अहो, तुमच्यावर चांदणं सांडलंय.

सासरा : किती सुंदर दिसतंय गं हे! मानेवर पण आहे?

सून : मानेवर, कानांमागे, मिशीत. जरा वळा. बंडीची पाठ तर सगळीच. पंपाचं झाकण गळतं तुमचं.

सासरा : आणि ओठ का? ओठाला कसं लागेल?

सासू : पंपाचं नोझल तुंबलं की तोंडानं फुंकता ना? शिट्टी वाजवल्यासारखं.

सासरा : एकदाच फुंकलं. ...दोनदा असेल.

सून : त्याला मऊ ब्रश असतो, बाबा. कोटाच्या खिशातच ठेवला होता मी.

सासरा : थांब गं, बघू दे. नखांत बघ. धुतले होते मी हात, खरंच धुतले होते. आणि कडी! पाण्याचा पेला! त्या पोत्यावर टेकलो होतो, तिथेसुद्धा! मी कुठंकुठं गेलो ते कुणी मागोमाग येऊन लिहून ठेवावं, तसं आहे सगळं.

सासू : बरं झालं. दिवसभर घरात येऊन कशाकशाला हात लावता ते कळलं तरी.

सून : आई, तुमचे हात बघू.

सासू : माझे? मी शेताकडे फिरकलेसुद्धा नाही आज.

सून : पुढे तरी करा.

सासू : ...हे साबणाचं असेल.

सून : साबणाचं निळसर दिसतं. हे हिरवं बाबांच्या पंपातलं. सदरा कशात भिजवलात?

सासू : बादलीत.

सून : एकटाच?

सासू : ठकीची झबली होती बरोबर. तेवढ्यासाठी वेगळं पाणी कुठं काढायचं? मी तर नेहमीच... अगं बाई.

सासरा : का? आता का गप्प?

सासू : बोलू नका हो माझ्याशी.

सून : ठकीला जरा फिरवा, पाठ इकडे. डोळ्यांवर हात धरा तिच्या. ...बाबा, या इकडे.

सासरा : काय आहे? काय आहे तिच्या पाठीवर?

सून : तुम्हीच बघा.

सासरा : हात आहे. कुणाचा तरी अख्खा पंजा उमटलाय झबल्यावर.

सासू : कुणाचा तरी कसा? चार बोटं आणि एक अर्धं. यंत्रात बोट घालवलेला या घरात दुसरा कोण आहे?

सासरा : रडत होती म्हणून थोपटलं मी. फक्त थोपटलं.

सून : माहीत आहे, बाबा.

सासरा : आज पाणी होतं.

सून : हो. आज पाणी होतं.

सासरा : आणि परवा? परवा नव्हतं पाणी. परवाही थोपटलं होतं मी. रात्री दूध ओकून टाकलं ना गं हिनं?

सून : त्यामुळेच टाकलं असं मी म्हणणार नाही. मला माहीत नाही.

सासरा : औषध म्हणतो आम्ही त्याला. आजवर कधी दुसरा शब्द आला नाही तोंडात.

सासू : अहो, ती हात पसरतेय तुमच्याकडे.

सासरा : नको, नको. ठकूताई, मागे हो. सूनबाई, दार तू उघड, मी शिवत नाही कशाला. मोरीत बादली ठेव, अंगाचा साबण दे. माझे कपडे वेगळे टाक. हिचंही झबलं बदल, तुझ्या सासूलाही हात धुवायला लाव. आणि उद्या न्यायची असेल तिला, तर ने. बोललो होतो मी, फिरणार नाही. पण आत्ता दिवा आवरून ठेवू नकोस, मी आलोच. (मोरीत जातो.)

सासू : किती वेळ अहो! कातडं सोलून काढताय की काय? ही रडून रडून लाल झाली.

सासरा : आलो. लाव गं दिवा.

सून : हं... मान गेली. ओठ गेले. नखं दाखवा. गेलं. पाठही स्वच्छ. कानामागे एक ठिपका राहिलाय, बास. घ्या तिला, बाबा. उद्या नाही नेत मी हिला कुठे.

सासू : ऐकलंत ना? घ्या आता. केवढासा तो ठिपका!

सासरा : ठिपका केवढासाच आहे गं. पण ती तरी केवढीशी आहे? भर बादली परत.