बॅनरवरचे डॉक्टर

डोंगरातल्या आमच्या तालुक्यात बाळंतपणाचा हा एकच दवाखाना. बाकावर माझ्या शेजारी दिवस भरलेली हेरिन, तिच्या पलीकडे तिची सासू.

"दारावर एवढा मोठा बॅनर कसला गं? चष्मा विसरले मी."

"अभिनंदनाचा, आई. आपले डॉक्टर जागतिक स्त्रीआरोग्य संघटनेच्या समितीवर निवडून आलेत."

"गुणाचे हो. मग आत कधी बोलावतायत?"

"ते राजधानीत, सोलला गेलेत, संघटनेच्या अधिवेशनाला. रविवारी येतील."

"आणि तोवर त्यांच्या जागी कोण?"

"बॅनर."

"बरं. मी घरी बाळंतिणीच्या सारासाठी समुद्रशेवाळ भिजत घालून आलेय, त्यालाही रविवारपर्यंत थांब म्हणते."

"ते बघा, टीव्हीवर दाखवतायत त्यांना."

"टायचा रंग छान दिसतोय. काय म्हणतायत?"

"खेड्यातल्या एकाही बाईवर डॉक्टरवाचून बाळंत व्हायची वेळ येऊ नये, म्हणतायत."

"अगदी माझ्या मनातलं बोलले. समोर कोण बसलंय?"

"देशोदेशीचे बाळंतपणाचे डॉक्टर."

"सगळे तिथंच? मग देशोदेशीच्या बायका काय करतायत?"

"टीव्ही बघत असतील."

"तू अशी वाकलीस का?"

"कळा येतायत. मघापासून."

"मग बोलायचं नाही होय?"

"म्हटलं, त्यांचं भाषण संपू दे. आता ठरावाला सगळ्यांनी हात वर केलेत."

"ऊठ. टॅक्सी बोलावते."

"कुठं जायचं?"

"सोलला, त्या अधिवेशनाच्या हॉलमध्ये. एवढे हात वर झालेत, त्यातले दोन तरी तुझ्यासाठी खाली येतील."